चाळीस रुमालांची खरेदी

मुलांनो, बाजारात तर तुम्ही नेहमीच जाता. अम्मीने सांगितलेली भाजी आणता, वही-पेन्सिल आणता, ईदच्या आधी अब्बांबरोबर कपडे घ्यायला जाता. तेव्हा निवड मोठी माणसे करतात, पैसेही तीच देतात. तुमचे काम फक्त पिशवी धरण्याचे! पण एखाद्या दिवशी साऱ्या वर्गाचे पैसे तुमच्या हातात दिले आणि सांगितले, "जा, सर्वांसाठी सामान घेऊन या," तर तुम्ही काय कराल?

समजा, तुमच्या शाळेत हस्तकलेचे प्रदर्शन भरणार आहे. तुमच्या वर्गात चाळीस मुले-मुली आहेत. प्रत्येकाने एक लहान रुमाल तयार करायचा, त्याच्या कडा दुमडून शिवायच्या आणि एका कोपऱ्यात रंगीत धाग्यांनी फूल किंवा वेल भरायची, असे ठरले. प्रत्येकाने वीस रुपये आणून दिले. म्हणजे एकूण ८०० रुपये जमले. कोणी खाऊचे पैसे वाचवले. कोणाच्या अब्बांनी रात्रपाळी करून आल्यावर खिशातून नोट काढून दिली. कोणी सुटी नाणी मोजून आणली. खरेदीला वर्गातील चार मुले आणि दोन शिक्षक जाणार. जाण्यायेण्याचा खर्च शाळा करणार. पण सामान मात्र या ८०० रुपयांतच बसले पाहिजे. सामान कमी पडले, तर कोणीतरी रुमालाशिवाय राहील.

तुमचे गाव मालेगाव असेल, मुंब्रा असेल किंवा आणखी कोणते. आज मात्र आपण भिवंडीचे विद्यार्थी आहोत असे समजू या आणि खरेदीसाठी मुंबईला जाऊ या.

निघण्याआधी पहिले काम कोणते? यादी करणे. यादी करताना आधी शाळेत काय आहे ते पाहावे. कपाटात चार कात्र्या आहेत, टेप आहे, पांढऱ्या दोऱ्याची रिळे आहेत. तेव्हा या वस्तू विकत घ्यायच्या नाहीत. उरल्या चारच वस्तू : कापड, भरतकामाचे रंगीत धागे, सुया आणि कापड ताणून धरण्यासाठी लाकडी रिंगा. प्रत्येक वस्तूपुढे ती किती हवी तेही लिहावे. "थोडे कापड, थोडा धागा" अशी यादी म्हणजे यादीच नव्हे. ती हातात घेऊन बाजारात गेलेला माणूस जे चमकते तेच घेऊन येतो.

एक रुमाल १० इंच लांब आणि १० इंच रुंद करायचा आहे. असे ४० तुकडे हवेत. धाग्याच्या एका लडीत साधारण ८ मीटर धागा असतो. फूल लहान असल्यामुळे दोघांत एक लडी पुरेल. म्हणून लड्या २०. सुयांची पाकिटे २. पाच मुलांच्या गटाला एक रिंग दिली, तर रिंगा ८. झाली आपली यादी!

भिवंडीत सकाळी घराबाहेर पडले, की यंत्रमागांचा खटखट आवाज कानी येतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी या आवाजावरच चूल पेटते. मग एक प्रश्न तुमच्या मनात नक्की येईल. आपल्या गल्लीत दिवसरात्र कापड विणले जाते. मग कापड घ्यायला मुंबईला कशाला जायचे?

याचे उत्तर सोपे आहे. मागावरून उतरते ते कोरे कापड. ते मळकट पांढरे आणि खरखरीत असते. ते ताग्यांच्या हिशेबाने मोठ्या प्रमाणात विकले जाते. पुढे ते दुसऱ्या गावांतील कारखान्यांत जाते. तेथे ते धुतात, रंगवतात किंवा त्यावर छपाई करतात. मग ते व्यापाऱ्यांकडे येते आणि शेवटी दुकानात मांडले जाते. शिवाय आपल्याला फक्त कापड नको आहे. धागे, सुया, रिंगा हे सारे एकाच ठिकाणी जवळजवळ मिळेल, असा बाजार आपल्याला हवा आहे.

आता आपण बसने कल्याणला आलो. तेथून लोकल गाडी पकडू. कल्याण ते मुंबई हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर आहे. याच मार्गावरील ठाणे ते बोरीबंदर या भागात १६ एप्रिल १८५३ रोजी हिंदुस्थानातील पहिली प्रवासी गाडी धावली.

दादर गेले, की खिडकीतून नीट पाहा. परळ, करी रोड, चिंचपोकळी ही स्थानके येतील. हा भाग गिरणगाव म्हणून ओळखला जातो. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे येथे अनेक गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांचे भोंगे वाजले, की हजारो माणसे कामाला निघत. १९८२ साली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि कितीतरी घरांची रोजी गेली. त्यांच्या जागी आता उंच इमारती दिसतात. पण कापड विणण्याचे काम थांबले नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांतील यंत्रमागांवर ते वाढत गेले. आपण दुकानात ज्या कापडाला हात लावणार आहोत, त्याच्यामागे असे किती हात आहेत पाहा!

गाडीत वेळ आहे, तेव्हा सुताविषयीही थोडे समजून घेऊ. "वीस नंबरचे सूत", "चाळीस नंबरचे सूत" असे शब्द तुम्ही घरी ऐकले असतील. हा नंबर म्हणजे काय? सुती धाग्याची ८४० वार लांबीची एक लडी धरतात. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम सुतात अशा वीस लड्या बसल्या, तर ते वीस नंबरचे सूत. चाळीस बसल्या, तर चाळीस नंबरचे. वजन तेवढेच, पण लांबी दुप्पट. म्हणजे धागा अधिक बारीक. म्हणून सुताचा नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. पॉलिस्टरसारख्या कृत्रिम धाग्याचे मोजमाप मात्र उलटे असते. त्याच्या ९००० मीटर लांबीचे वजन जितके ग्रॅम, तितके त्याचे डेनियर. तेथे आकडा मोठा, तर धागा जाड. आकडा तोच, पण अर्थ वेगळा! म्हणून नुसता आकडा ऐकून मान डोलवू नये. तो कशाचा आकडा आहे, हे विचारावे.

आले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. या भव्य स्थानकाचा २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. स्थानकातून बाहेर पडून थोडे चालले, की जे. जे. कलाशाळेचा परिसर लागतो आणि पुढे क्रॉफर्ड मार्केटची दगडी इमारत दिसते. तिचे आजचे नाव महात्मा ज्योतिबा फुले मंडई. ही मंडई १८६९ साली बांधून झाली. तिच्या प्रवेशद्वारावर दगडात कोरलेली शेतकऱ्यांची चित्रे आहेत. ती लॉकवुड किपलिंग यांनी तयार केली. ते त्या वेळी जे. जे. कलाशाळेतच शिकवत होते. क्षणभर मान वर करून ती चित्रे पाहा. हस्तकलेच्या सहलीत तेवढे तर पाहिलेच पाहिजे.

मंडईसमोरचा रस्ता सांभाळून ओलांडा. समोरच्या भागात मंगळदास मार्केट आहे. जवळच जुमा मशीद आहे. चुकामूक झालीच, तर मशिदीच्या दाराशी थांबायचे, हे आधीच ठरवून ठेवा. एक गोष्ट लक्षात असू द्या. रविवारी येथील कापडाची बहुतेक दुकाने बंद असतात. म्हणून आपण कामाचा दिवस निवडला आहे.

मंगळदास मार्केट म्हणजे छपराखाली वसलेले कापडाचे गावच! अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना दुकाने आणि दुकानांत छतापर्यंत रचलेले तागे. मलमल, वायल, पॉपलिन, साटीन, मखमल. नाव घ्याल ते कापड येथे आहे. काही दुकाने घाऊक विक्रीची आहेत. ती पूर्ण तागाच विकतात. काही दुकानांत मीटरवर कापड मिळते. "येथे किरकोळ मिळेल का?" असे आधी विचारावे, म्हणजे दुकानदाराचा आणि आपला दोघांचाही वेळ वाचतो.

आता खरी परीक्षा सुरू झाली. दुकानदाराशी नम्रपणे बोला.

"काका, रुमालासाठी पांढरे सुती कापड दाखवता का?"

"दाखवतो ना, बेटा. हे पाहा. अडुसष्ट रुपये मीटर."

"याचा पन्हा किती?"

"छत्तीस इंच."

"आणि ते वरचे?"

"ते ऐंशी रुपये मीटर. त्याचा पन्हा चव्वेचाळीस इंच. कापड दोन्ही सारखेच आहे."

पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. हा शब्द तुम्हांला घरी उर्दूतही ऐकायला मिळतो. आता सांगा, कोणते कापड स्वस्त? तुमच्यापैकी बरेच जण पटकन म्हणतील, "अडुसष्ट रुपयांचे!" घाई करू नका. वही काढा आणि हिशेब करा.

३६ इंच पन्ह्यात १० इंचांचे तीनच रुमाल बसतात. ६ इंच कापड वाया जाते. चाळीस रुमालांसाठी १४ रांगा लागतील. १४ रांगा म्हणजे १४० इंच. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. म्हणून ही लांबी ३५५.६ सेंटिमीटर झाली. नवे सुती कापड धुतल्यावर थोडे आटते. म्हणून पावणेचार मीटर कापड घ्यावे लागेल. ३.७५ गुणिले ६८ म्हणजे २५५ रुपये.

४४ इंच पन्ह्यात चार रुमाल बसतात. चाळीस रुमालांसाठी १० रांगा पुरतात. १० रांगा म्हणजे १०० इंच, म्हणजे २५४ सेंटिमीटर. आटण्यासाठी थोडे जास्त धरून पावणेतीन मीटर घेतले, तरी चालेल. २.७५ गुणिले ८० म्हणजे २२० रुपये.

पाहिलेत? दर जास्त असलेले कापड आपल्याला ३५ रुपयांनी स्वस्त पडले! म्हणून कापड घेताना नुसता दर विचारू नये. दर, पन्हा आणि लागणारी लांबी या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात.

पैसे देण्याआधी कापडाची परीक्षाही करावी. कापड उजेडाकडे धरावे. वीण सारखी आहे का, कोठे धागा तुटला आहे का, ते पाहावे. मग कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून चोळावा. त्यातून पांढरी भुकटी पडली आणि कापड विरळ दिसू लागले, तर समजावे, की त्याला खळ फार लावली आहे. असे कापड दुकानात कडक दिसते, पण पहिल्या धुण्यातच मऊ पडते.

दुकानदार कापड मोजत असताना मीटरपट्टीकडे लक्ष ठेवा. मापाच्या पट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. कापड ताणून मोजू नये. सैल ठेवून मोजावे. जुने व्यापारी बोलताना अजूनही 'वार' किंवा 'गज' म्हणतात. एक वार म्हणजे ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर. मीटर त्याहून मोठा असतो. म्हणून सांगितलेला दर वाराचा आहे की मीटरचा, हे विचारून घ्यावे. प्रामाणिक दुकानदाराला अशा प्रश्नांचा राग येत नाही. उलट जाणते गिऱ्हाईक पाहून त्याला आनंद होतो.

कापड झाले. पावती घेतली. आता जवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटकडे वळू या. येथे गर्दी फार. हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल आणि गिऱ्हाईक यांतून वाट काढावी लागते. हमाल "बाजू, बाजू" म्हणून ओरडला, की लगेच बाजूला व्हा. त्याच्या डोक्यावरचे ओझे जड असते, त्याला थांबता येत नाही. कागद, मणी, टिकल्या, लेस, जरी, बटणे यांनी येथील दुकाने भरलेली आहेत.

धाग्याच्या दुकानात शेकडो रंगांच्या लड्या ओळीने लावलेल्या दिसतात. दिव्याच्या प्रकाशात रंग फसवतो. हिरवा रंग निळसर वाटतो, लाल रंग तपकिरी वाटतो. म्हणून लडी दाराशी, सूर्याच्या उजेडात नेऊन पाहावी. लाल आणि गडद रंगांची आणखी एक परीक्षा करावी. दुकानदाराची परवानगी घेऊन आपला पांढरा रुमाल ओला करावा आणि लडीवर हलकेच घासावा. रुमालाला रंग लागला, तर ती लडी घेऊ नये. नाहीतर महिनाभर मेहनत करून भरलेले फूल पहिल्याच धुण्यात साऱ्या रुमालावर पसरेल!

एका लडीची किंमत १२ रुपये. २० लड्यांचे २४० रुपये झाले. सुयांची दोन पाकिटे घेतली, त्यांचे ४० रुपये. हाताने शिवायच्या सुयांचा नंबर सुताप्रमाणेच असतो. नंबर मोठा, तर सुई बारीक. भरतकामाच्या सुईचे नेढे लांबट असावे, म्हणजे धाग्याचे दोन-तीन पदर त्यातून सहज जातात. आठ रिंगांचे प्रत्येकी ३० प्रमाणे २४० रुपये झाले. रिंगेवरून बोट फिरवून पाहा. लाकूड गुळगुळीत नसेल, तर कापडाचे धागे त्यात अडकतात.

पुढच्याच दुकानात रंगीबेरंगी लोकरीचे गुंडे टांगले आहेत. हात लावावासा वाटतो ना? जरूर लावा. पण यादी आठवा! तिच्यात लोकर नाही. खिशातले पैसे वर्गाचे आहेत. आज आपण लोकर फक्त पाहू आणि पुढच्या वेळेसाठी काही शिकून घेऊ. गुंड्यावरच्या कागदाच्या पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो आणि लॉटचा क्रमांकही असतो. एकाच वेळी, एकाच पातेल्यात रंगवलेल्या मालाचा लॉट एक असतो. दोन लॉटमध्ये रंगाचा क्रमांक एकच असला, तरी छटेत थोडा फरक पडू शकतो. म्हणून एका स्वेटरसाठी लागणारी सगळी लोकर एकाच वेळी, एकाच लॉटची घ्यावी. नाहीतर स्वेटरची एक बाही वेगळीच दिसेल.

शिवाय 'लोकर' म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू मेंढीची लोकर नसते. पुष्कळदा तो ॲक्रिलिकचा, म्हणजे कारखान्यात रसायनांपासून केलेला धागा असतो. तो वाईट असतो असे नाही. तो स्वस्त असतो आणि धुवायला सोपा असतो. पण आपण काय घेत आहोत, हे आपल्याला माहीत असले पाहिजे. शाळेत शिक्षकांसमोर चिमट्यात धाग्याचा लहान तुकडा धरून तो जाळून पाहता येतो. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. खऱ्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो. ॲक्रिलिक आणि पॉलिस्टर वितळतात आणि त्यांची कडक गोळी होते. हा प्रयोग घरी एकट्याने मात्र करू नका.

दुपार झाली. सावलीत बसून डबे उघडा आणि जेवता जेवता हिशेब लिहा.

कापड – २२० रुपये
धाग्याच्या २० लड्या – २४० रुपये
सुया – ४० रुपये
रिंगा ८ – २४० रुपये
एकूण – ७४० रुपये
शिल्लक – ६० रुपये

(हे दर हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. बाजारातील दर नेहमी बदलत असतात.)

या साठ रुपयांचे काय करायचे? कोणी म्हणेल, "सरबत पिऊ या. ऊन फार आहे!" पण चौघांनी सरबत प्यायचे आणि पैसे चाळिसांनी द्यायचे, हे बरे दिसेल का? एखाद्याचा धागा गुंतेल, एखाद्याचे फूल उसवावे लागेल. म्हणून या पैशांत आणखी पाच लड्या घेऊ या. पाच गुणिले बारा, साठ. अरुंद कापड घेतले असते, तर हातात फक्त पंचवीस रुपये उरले असते आणि दोनच लड्या आल्या असत्या. पन्हा विचारल्यामुळे वर्गाला तीन लड्या जास्त मिळाल्या!

परतताना मशीद स्थानकावरून धिमी लोकल पकडली, तरी चालते. या स्थानकाजवळच डोंगरी हा भाग आहे. इंग्रजीत जाड सुती कापडाला आणि त्याच्या मजबूत कपड्यांना 'डंगरी' म्हणतात. हा शब्द या डोंगरीवरूनच तयार झाला, असे सांगतात. कापड गावोगाव फिरते आणि बरोबर शब्दही नेते. बाजार, दुकान, मखमल, जरी, अस्तर, हिशेब हे शब्द तुम्ही घरी बोलता आणि मराठीतही तेच वाचता.

दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांसमोर हिशेब वाचून दाखवा. पावत्या वहीत चिकटवा. ज्यांनी पैसे दिले, त्यांना ते कोठे खर्च झाले हे कळायलाच हवे. मग कापड पाण्यात भिजवून वाळवा, म्हणजे ते आटायचे तेवढे आटेल. कापताना सरळ रेषा हवी असेल, तर कापडातला एक आडवा धागा अलगद ओढून काढा. तेथे एक बारीक रेघ दिसेल. त्या रेघेवरून कात्री चालवा. उरलेल्या पट्ट्या फेकू नका. त्या आजीला किंवा नानीला दिल्या, तर गोधडीत कामाला येतील.

आपला तुकडा हातात आला, की तो डोळ्यांजवळ धरून पाहा. उभे धागे आणि आडवे धागे, ताणा आणि बाणा, एकमेकांच्या खालून-वरून गेलेले दिसतील. कोण जाणे, हे कापड तुमच्याच गल्लीतल्या मागावर विणले गेले असेल, दूर कोठेतरी धुतले गेले असेल आणि मुंबईचा बाजार पाहून पुन्हा तुमच्याकडे आले असेल. ज्याने ते विणले, त्याने एकेक धागा सांभाळला. आता त्यावर टाका घालायची पाळी तुमची आहे.

शब्दार्थ

तागा – कापडाचा थान
पन्हा – कापडाची रुंदी, अर्ज
कोरे कापड – न धुतलेले, न रंगवलेले कापड
लडी – धाग्याची जुडी, लच्छी
लोकर – ऊन
गुंडा – धाग्याचा गोळा
खळ – कापडाला कडकपणा यावा म्हणून लावतात ती पेज, कलफ
आटणे – आखूड होणे, सिकुडना
घाऊक – ठोक
किरकोळ – थोडे थोडे, चिल्लर
नेढे – सुईचे भोक, सुईचा नाका
भरतकाम – कशिदा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वर्गाने एकूण किती रुपये जमवले?
(आ) मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी कोणी स्थापन केली?
(इ) चाळीस नंबरचे सूत वीस नंबरच्या सुतापेक्षा जाड असते की बारीक?
(ई) चुकामूक झाल्यास मुलांनी कोठे थांबायचे ठरवले?

२. कारणे लिहा.
(अ) ऐंशी रुपये मीटरचे कापड स्वस्त पडले.
(आ) धाग्याचा रंग सूर्याच्या उजेडात पाहावा.
(इ) एका स्वेटरची सगळी लोकर एकाच लॉटची घ्यावी.
(ई) शिल्लक पैशांचे सरबत प्यायचे नाही, असे ठरले.

३. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(पन्हा, पावती, खळ, यादी)
(अ) बाजारात जाण्याआधी ______ करावी.
(आ) कापडाच्या रुंदीला ______ म्हणतात.
(इ) कापड चोळल्यावर भुकटी पडली, तर त्याला ______ जास्त आहे.
(ई) पैसे दिल्यावर ______ घ्यावी.

४. हिशेब करा.
एका कापडाचा पन्हा ५८ इंच आहे. त्यात १० इंचांचे किती रुमाल एका रांगेत बसतील? चाळीस रुमालांसाठी किती रांगा लागतील?

५. भाषाभ्यास
'दुकान' हा शब्द उर्दूत स्त्रीलिंगी आहे. मराठीत तो नपुंसकलिंगी आहे. आपण 'ते दुकान' म्हणतो. पुढील शब्दांपूर्वी तो, ती, ते यांपैकी योग्य शब्द लिहा.
कापड, सुई, धागा, लोकर, रुमाल, रेशीम, कात्री

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
मान डोलवणे, वाट काढणे, कामाला येणे, वाया जाणे

७. उपक्रम
तुमच्या गावातील शिंप्याला किंवा कापड दुकानदाराला भेटा. तीन प्रकारच्या कापडांचे लहान तुकडे मागून आणा. ते वहीत चिकटवा. प्रत्येकाचे नाव, पन्हा आणि एका मीटरचा दर त्याखाली लिहा.